सदर वस्तू जांभई देते

टण्णकन झाकण पडलं आणि पाऊण तास थोपटून थोपटून मी घरात जी शांतता तयार केली होती, ती संपली.

स्टीलच्या डब्याचं झाकण एकदा पडून गप्प बसत नाही. ते आधी भिंगरीसारखं फिरतं, मग थरथरतं, मग वेग वाढवत कडाकडा बोलतं आणि शेवटी आपण काही केलंच नाही अशा थाटात निपचित पडतं. मी स्वयंपाकघरात धावले. आमची ठकू, वय साडेतीन, जिला मी झोपवून आले होते, ती त्या झाकणापुढे उकिडवी बसली होती. तिने झाकण उभं केलं, एका बोटाने हळूच ढकललं. ते हळू फिरलं. मग जोरात ढकललं. ते जोरात फिरलं.

"आई," ती म्हणाली, "हे माझं ऐकतं."

आता घरात काय खेळणी नव्हती? तिच्या मामाने आणलेलं एक बोलकं अस्वल होतं. त्याचं पोट दाबलं की ते गाणं म्हणतं. कान दाबला की तेच गाणं. काहीच दाबलं नाही आणि रस्त्यावरून ट्रक गेला, तरी तेच गाणं. समोर कोण बसलंय, ते रडतंय की हसतंय, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. मोठं होऊन ते नक्की कुठल्यातरी व्यासपीठावर बसेल. एवढं शिकलेलं, दिवे लागणारं अस्वल कोपऱ्यात पडून होतं आणि पोरगी झाकणाला जीव लावत होती.

मला हे झोंबलं, कारण दाबल्यावर वस्तूने कसं वागावं हे ठरवणं, हे एकेकाळी माझं काम होतं. ठकू होईपर्यंत मी एका कार्यालयात कपडे धुण्याच्या यंत्रांची बटणं आखत असे. बटण किती मऊ असावं, त्याने 'टिक्' म्हणावं की 'टुक्', यावर मी सहा-सहा महिने घालवले आहेत. हसू नका. तुमच्या घरचं यंत्र बटण दाबल्यावर पायाखाली आलेल्या पिल्लासारखं केकाटत नसेल, तर ते कुणाच्यातरी कष्टाने. आता त्याच कार्यालयात नवा विभाग निघत होता. हात लावला, टेकलं, उड्या मारल्या की उत्तर देतील अशा वस्तू बनवायच्या. बागांसाठी, संग्रहालयांसाठी, इस्पितळांसाठी. जागा एकच. आणि ती मला हवी होती. सलग पाच तासांची झोप सोडली तर गेल्या साडेतीन वर्षांत मला इतकं काहीच हवंसं वाटलं नव्हतं.

मी माझ्या जुन्या बाईंना भेटायला गेले. बाई म्हणजे विभागप्रमुख. त्यांनी मला बसायला सांगितलं, चष्मा लावला आणि विचारलं, "मधली तीन वर्षं काय केलंस?"

"मुलगी वाढवली."

"ते झालंच. दाखवायला काय आहे?"

"मुलगीच आहे."

बाई हसल्या नाहीत. बाई हसत नाहीत, अशीच त्यांची ख्याती आहे. "एक वस्तू आण," त्या म्हणाल्या. "तुझ्या घरात नाही, बाहेर कुठेतरी लोक वापरतायत अशी. आणि ती वापरात आहे, नीट चालते आहे, असं त्या संस्थेचं लेखी पत्र. महिनाअखेरपर्यंत."

त्या दिवशी तारीख चार होती.

पाच तारखेला ठकूला खोकला झाला, आणि वस्तू कुठे बसवायची हा प्रश्न सुटला. मुलांच्या सरकारी दवाखान्यात बाहेरच्या खोलीत एक लांब बाक, एक पंखा आणि भिंतीवर किडलेल्या दाताचं चित्र आहे. तो दात माझ्या उंचीचा आहे. त्या दाताकडे बघत मुलं सुईची वाट बघतात. भेदरलेलं मूल रडतं, हा लोकांचा गैरसमज आहे. रडतं ते आपल्याला भेदरवण्यासाठी. खरं भेदरलेलं मूल लाकडासारखं बसतं. बाकावर अशी सात लाकडं बसली होती. आठवं माझ्या मांडीवर होतं.

मी ठरवलं, यांच्यासाठी कुणीतरी बसायला हवं. मूल त्याच्यावर बसून लाकूड झालं, मिनिटभर अजिबात हललं नाही, की त्याने मोठ्ठी जांभई द्यावी. डोक्यावर थोपटलं की शिंकावं. समोरून पोट दाबलं की गुणगुणावं. आणि अंगावर नाचलं की खिदळावं. म्हणजे मुलाला कळेल की या खोलीत निदान एकजण तरी आपलं ऐकतोय.

तर असा ढोल्या जन्माला आला. ठकूनेच नाव ठेवलं. जुन्या गादीचं पोट, सासऱ्यांच्या निवृत्त रजईचं डोकं, वरून धुता येईल असं पिस्ता रंगाचं रेक्झिन. वजन कळावं म्हणून न्हाणीघरातला आमचा वजनकाटा फोडून त्याचे सेन्सर आत बसवले. त्या काट्याने बाळंतपणानंतर माझा जो अपमान केला होता, तो पाहता त्याला हीच शिक्षा योग्य होती. ठकूच्या दुपारच्या एकेका झोपेत एकेक शिवण. सात झोपांत ढोल्या उभा राहिला. उभा म्हणजे, बसला.

आवाज घरचेच घेतले. शिंक सासूबाईंची.

"माझी शिंकच बरी सापडली," त्या म्हणाल्या. "मी एवढं चांगलं बोलते, ते नाही घ्यावंसं वाटलं."

"तुमची शिंक चांगली आहे, आई."

"चांगली म्हणजे?"

"खणखणीत आहे. मागच्या बाकापर्यंत जाते."

त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी फोनवर बहिणीला सांगत होत्या, "नाही गं, नुसती नाही, दवाखान्यात लागतेय. डॉक्टरांना हवी होती म्हणे."

गुणगुणणं सासऱ्यांचं, खिदळणं ठकूचं, आणि जांभई नवऱ्याची. ती मिळवायला मुळीच कष्ट पडले नाहीत. मी फक्त त्याला माझ्या कामाबद्दल सांगायला सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्याला त्याने अशी जांभई दिली, पार घशाच्या तळातून, शेवटी "आऽऽई गंऽऽ" करून, की तिला तोड नाही. नंतर मी त्याला विचारलं, "कसा झालाय ढोल्या?" तो मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "भारी." ढोल्या तेव्हा पलंगाखाली होता.

सल्ले द्यायला मात्र माणसं कमी पडली नाहीत. वरच्या मजल्यावर पाणीवाले काका राहतात. पाणीपुरवठा खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली आणि जगात अशी एकही अडचण नाही जी त्यांच्या मते एका व्हॉल्व्हने सुटणार नाही. ते ढोल्याभोवती हात मागे बांधून दोन फेऱ्या मारून म्हणाले, "एखाद्या मुलाने लाथ घातली तर?"

"तर तो खिदळेल, काका."

"तेच म्हणतोय मी. प्रेशर जाणार कुठे?"

"यात पाणी नाहीये."

"आज नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "व्हॉल्व्ह ठेवून दे. नंतर आठवण काढशील."

चौदा तारखेला ढोल्याला दवाखान्यात नेला. तिथे मुख्य लिपिक बसतात. त्यांच्या टेबलावर इतके कागद आहेत की त्यांचा चेहरा मी पहिल्या भेटीत पाहिलाच नाही. कागदांमागून फक्त आवाज आला.

"वस्तू कुठल्या नोंदवहीत घ्यायची? पाय किती?"

"पाय नाहीत."

"मग फर्निचर नाही. फर्निचरला पाय लागतात."

"गादीला कुठे असतात?"

"गादी अंथरुणात येते. हे अंथरता येतं?"

"नाही."

"विजेवर चालतं?"

"बॅटरीवर."

"म्हणजे उपकरण. कुठला रोग काढतं?"

मी क्षणभर विचार करून म्हणाले, "भीती."

कागद सळसळले. बराच वेळ कुठलीशी यादी चाळल्याचा आवाज आला. "भीती नाहीये यादीत," लिपिक म्हणाले, आणि मला उगीचच वाटलं की त्यांना थोडं वाईट वाटलं. मला वाटलं ते चूक होतं. त्यांना जेवायला जायचं होतं.

शेवटी ढोल्याची नोंद 'संकीर्ण (बसके)' अशी झाली. त्या वर्गात तोपर्यंत चाळीस वस्तू होत्या, त्यामुळे त्याला क्रमांक मिळाला एक्केचाळीस. आता सरकारी वस्तूवर क्रमांक रंगवावा लागतो. खुर्च्यांच्या पाठीवर, कपाटांच्या दारावर पांढऱ्या ऑइलपेंटने घालतात, तो. ढोल्याला पाठ आणि दार दोन्ही नसल्यामुळे रंगाऱ्याने कपाळ निवडलं. हात स्थिर राहावा म्हणून डावा पंजा त्याच्या डोक्यावर टेकला. सासूबाई शिंकल्या. रंगारी तीन फूट मागे आणि एक्केचाळीसातला एक नाकावरून हनुवटीपर्यंत. उरलेला क्रमांक त्याने कुंचला काठीला बांधून, लांब उभं राहून पुरा केला. मी सात झोपा खर्चून केलेल्या लेकराच्या तोंडावर हे बघून मला भडभडून आलं. "पुसता येईल का हो?" मी विचारलं. "सरकारी आकडा आहे," रंगारी म्हणाला. "पुसायचा झाला तर अर्ज द्या."

पंधराला गेले तर ढोल्याला प्लॅस्टिक गुंडाळलेलं. सोळाला साखळी. सतराला गळ्यात पाटी: 'हात लावू नये'.

"अहो, ते हात लावायलाच आहे," मी म्हणाले. यावेळी कागद थोडे कमी होते आणि लिपिकांचा एक डोळा दिसत होता.

"उद्घाटनाआधी नाही."

"मग उद्घाटन कधी?"

"दवाखाना समितीच्या अध्यक्षांची वेळ मिळेल तेव्हा."

"निदान मला तेवढं पत्र द्या. वस्तू वापरात आहे, एवढंच."

"वापरात नसताना कसं देऊ?"

"मग वापरू द्या ना."

"सुरक्षित असल्याचं सिद्ध झाल्याशिवाय?"

"ते कसं सिद्ध होतं?"

डोळा माझ्याकडे रोखून बघत राहिला. "वापरून," लिपिक म्हणाले.

पुढचे दहा दिवस मी रोज ठकूला कडेवर घेऊन त्या खोलीत जात होते. बाकावरची सात लाकडं आता दाताऐवजी ढोल्याकडे बघत. प्लॅस्टिकमागे तो त्यांच्याकडे बघे. हाताला प्लॅस्टर घातलेली एक मुलगी रोज आईची नजर चुकवून प्लॅस्टिकवरून एक बोट फिरवी. आईने बघितलं की पाटी दाखवी. एवढ्याशा मुलीला वाचता येत नव्हतं, पण 'नाही'चा अर्थ पाटीच्या अक्षरांवरून नाही, आईच्या भुवयांवरून कळतो.

सत्तावीस तारखेला अध्यक्षांना वेळ मिळाला. उद्घाटन झालं की दुसऱ्या दिवशी पत्रावर सही, असा शब्द लिपिकांनी दिला. त्या दिवशी मला ते पहिल्यांदा गळ्यापर्यंत दिसले. सासूबाई ठेवणीतली साडी नेसून पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पाणीवाले काका खिशात काहीतरी जड घेऊन आले होते. मी विचारलं नाही. नवरा रजा काढून आला होता, आणि ठकूला खांद्यावर घेऊन खरंच माझ्याकडे बघत होता.

अध्यक्ष देहाने मोठे, आवाजाने त्याहून. त्यांनी फीत कापली. प्लॅस्टिक निघालं, साखळी निघाली, पाटी निघाली. छायाचित्रकार म्हणाला, "साहेब, जरा टेका, फोटो छान येईल." मी "नको" म्हणेपर्यंत साहेब टेकले.

लहान मुलांसाठी आखलेली वस्तू मोठ्या माणसाला पोटात घेते. अध्यक्ष ढोल्यात कमरेपर्यंत गेले. उठायचं म्हणजे आधी चौघांच्या देखत उजव्या कुशीवर व्हायला हवं, मग गुडघ्यांवर. त्यांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि माईक तिथेच मागवला. "आज मी मुद्दाम मुलांच्या पातळीवर बसून बोलणार आहे," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. आता आणखी खाली जाऊ नये म्हणून ते अंग आवळून, अजिबात न हलता बोलू लागले. लाकडासारखे.

मी घड्याळ बघितलं. एक मिनिट. ढोल्याला मीच शिकवलं होतं.

"आमच्या समितीने गेल्या पाच वर्षांत..."

"हाऽऽआऽऽऽ... आऽऽई गंऽऽ," ढोल्या म्हणाला.

अध्यक्षांनी मागे वळून बघितलं. मग आवाज चढवून सुरुवातीपासून सांगू लागले. एका मिनिटाने ढोल्याने पुन्हा जांभई दिली. माझ्या नवऱ्याने तोंडावर हात ठेवला. त्याने आपला आवाज ओळखला होता. बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. माझी नोकरी मात्र माझ्या डोळ्यांदेखत मिनिटाला एक जांभई या वेगाने चालली होती.

तिसऱ्या जांभईला लिपिक धावले. आवाज डोक्यातून येतोय असं समजून त्यांनी ढोल्याच्या डोक्यावर एक चापट मारली. शिंक. आणखी एक. आणखी एक शिंक. "ही माझी," पहिल्या रांगेतून सासूबाई शेजारणीला म्हणाल्या, आणि ते सगळ्यांना ऐकू आलं. लिपिकांनी ढोल्याचं पोट दाबून धरलं. आत सासरे गुणगुणायला लागले. अध्यक्ष उठण्यासाठी डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे झाले. ढोल्याला वाटलं कुणीतरी नाचतंय. तो ठकूच्या आवाजात खिदळायला लागला, आणि जितके ते उठायची धडपड करत तितका तो जोरात खिदळे.

"आणखी एकदा!" प्लॅस्टरवाली मुलगी ओरडली.

आणि ती सातही लाकडं फुटली. हसून हसून एक बाकावरून खाली पडलं. ठकू बापाच्या खांद्यावरून ओरडत होती, "ती मी आहे! ती मीच हसतेय!" अध्यक्षांना दोघांनी काखेत धरून बाहेर ओढलं तेव्हा पाणीवाले काका माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "व्हॉल्व्ह असता तर..."

मी मान खाली घालून घरी आले. माझ्या आजवरच्या बटणांपैकी एकाने तरी कधी कुणाचा असा अपमान केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सही झाली. पत्रावर नव्हे, तक्रारीवर. शिपाई ढोल्याला हातगाडीवर घालून आला आणि सोबत लखोटा. मी वाचला आणि न्हाणीघरात जाऊन रडले. बाहेर आले तर सासूबाई लखोटा उलटसुलट करत होत्या.

"माझ्या शिंकेचं काय लिहिलंय?"

"काही नाही लिहिलं, आई."

"असं कसं? दोन वेळा शिंकले मी. नीट वाच."

त्यांना दाखवावं म्हणून मी मोठ्याने वाचायला लागले. "'महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, संकीर्ण (बसके) क्रमांक ४१ ही वस्तू दिनांक २७ रोजी प्रत्यक्ष वापरात असताना तिने माननीय अध्यक्षांच्या भाषणात तीन वेळा जांभई दिली. सदर वस्तू भार, स्पर्श व हालचाल यांस तत्काळ प्रतिसाद देते, असे सर्व उपस्थितांच्या निदर्शनास आले. ती बंद करण्याचा प्रयत्न केला असता ती अधिकच प्रतिसाद देते. तसेच उपस्थित बालके सुई टोचून झाल्यावरही घरी न जाता सदर वस्तूकडे परत आल्याने गर्दी झाली...'"

मी थांबले. मागे गेले. पुन्हा वाचलं. प्रत्यक्ष वापरात असताना. तत्काळ प्रतिसाद देते. सर्व उपस्थितांच्या.

"आई," मी म्हणाले, "खाली शिक्का आहे का बघा."

"आहे की. गोल आहे. पण शिंक..."

मी त्यांचा मुका घेतला. आमच्यात तशी पद्धत नाही. त्या अजून त्यातून सावरलेल्या नाहीत.

तीस तारखेला बाईंनी ते पत्र चष्मा लावून वाचलं. 'माननीय अध्यक्षां'पाशी आल्या तशा त्यांच्या नाकपुड्या हलल्या. 'अधिकच प्रतिसाद देते' ला त्यांनी चष्मा काढला, रुमाल काढला, आणि टेबलावर डोकं टेकून खांदे गदगदेपर्यंत हसल्या. मग डोळे पुसून एकदम पूर्वीसारख्या झाल्या. "वीस वर्षांत इतकं चोख प्रमाणपत्र मी पाहिलं नाही," म्हणाल्या. "सोमवारपासून ये. नऊ ते सहा."

जिने उतरताना मी दोनदा पायरी चुकले. नऊ ते सहा! स्वतःचं टेबल, गरम असतानाच पिता येणारा चहा, आणि दार लावून विचार करता येईल अशी खोली. घरी आले तर ठकू ढोल्याच्या पोटाला टेकून बसली होती, कपाळावरचा तो वेडावाकडा एक्केचाळीस बोटाने गिरवत. मी तिच्यापुढे बसले आणि सांगितलं. सोमवारपासून आई ऑफिसला जाणार. सकाळी जाणार, दिवे लागले की येणार.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग उठली, ढोल्याच्या डोक्यावर थोपटलं. तो शिंकला. "ही आजी," ती म्हणाली. पोट दाबून कान लावला. "हे आजोबा." मग त्याच्यावर चढून हात मांडीवर ठेवून अगदी स्तब्ध बसली, पापणीसुद्धा न हलवता. मी पण श्वास रोखून बसले. एका मिनिटाने तिचा बाबा जांभई देऊन गेला. तिने मान डोलावली. मग खाली उतरली आणि त्याच्या मानेवर, कुशीवर, बुडाखाली, जिथे जिथे हात पोचेल तिथे एकेक बोट दाबून बघत राहिली. सगळीकडे दाबून झालं तेव्हा माझ्याकडे वळली.

"आई, तू कुठे दाबलं की येतेस?"